अकरा सेकंदांचे नाना

तो बाक अजून तिथेच आहे. इम्रानचं दुकान गेलं. त्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकणारा कुणी नवा माणूस बसतो, पाटी बदलली, शटरला गुलाबी रंग लागला. पण बाहेरचा सिमेंटचा बाक कुणी हलवलेला नाही. परवा अमळनेरला एसटीतून उतरलो आणि नानांच्या घराकडे वळायच्या ऐवजी आधी त्या बाकावर जाऊन बसलो. सकाळचे अकरा वाजले होते आणि बाक तव्यासारखा तापला होता. नानांना जाऊन बारा दिवस झाले होते. आमच्याकडे अशा भेटीला ‘दारावर जाणं’ म्हणतात. दोन घटका बसायचं, कमी बोलायचं, उठायचं. आईने पुण्याला तीनदा फोन करून बजावलं होतं की गल्लीतले सगळे जाऊन आले, तूच तेवढा राहिलास. राहिलो होतो हे खरं. नाना ज्या बाकावर बसून साऱ्या जगाला नावं ठेवायचे, तिथे बसून मी त्यांच्या दाराशी जायचं धैर्य गोळा करत होतो आणि ते काही गोळा होत नव्हतं.

मी लहान होतो तेव्हा नाना आम्हाला दिसायचे नाहीत, ऐकू यायचे. गावाच्या कडेला असलेल्या तेल मिलचा भोंगा त्यांच्या हातात होता. पहाटेचा भोंगा झाला की आई चूल पेटवायची, दुपारचा झाला की बायका कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी थापायला बसायच्या, आणि संध्याकाळचा झाला की आम्ही बोरी नदीच्या कोरड्या पात्रातला खेळ टाकून घराकडे पळायचो, कारण भोंग्यानंतर जो सापडेल त्याला मार ठरलेला. हिवाळ्यात सगळ्या गावाला सरकीच्या तेलाचा वास यायचा. कपड्यांना, वह्यांना, देवळातल्या प्रसादालासुद्धा. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून सांडलेला कापूस रस्त्याकडेला उडत असायचा, बाभळींच्या काट्यांना अडकून राहायचा, आणि आम्ही तो वेचून त्याच्या मिशा लावायचो. त्या मिशा लावून आम्ही नानांची नक्कल करायचो, गाल फुगवून भोंगा वाजवायचो. म्हणजे खोडी तेव्हापासूनची.

मिल कधी बंद पडली ते मला आठवत नाही. आठवतं ते इतकंच की एके दिवशी आईने बाबांना बाजारातून भिंतीवरचं घड्याळ आणायला लावलं. त्याआधी आमच्या घरात घड्याळ नव्हतं.

भोंगा गेला आणि नानांना कंठ फुटला. तीस वर्षं वाफेच्या तोंडून बोललेला माणूस आता स्वतःच्या तोंडाने बोलू लागला, आणि थांबेना. ‘उचलली जीभ लावली टाळ्याला,’ असं माझी आई त्यांच्याबद्दल म्हणायची. मी कॉलेजात गेलो तोवर त्यांनी इम्रानच्या दुकानाबाहेरचा हा बाक धरला होता. इम्रान माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्याकडे मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची, मोबाइल दुरुस्त व्हायचे, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत तीन कॉम्प्युटर होते. त्यांवर पोरं गेम खेळायची. तापलेल्या वायरींचा, घामाचा आणि शेजारच्या गाडीवरच्या मिरचीच्या भज्यांचा मिळून जो वास तिथे असायचा, तो मला आजही कुठल्या तरी ऑफिसच्या सर्व्हर रूमच्या दाराशी अर्धामुर्धा येतो आणि भलत्या वेळी भूक लागते. मी पदवी घेऊन घरी बसलो होतो. इम्रानकडे जाणं हीच माझी नोकरी होती.

नाना त्या खोलीत हात मागे बांधून उभे राहायचे आणि मतं द्यायचे. कुणी मागितलेली नसायची. बंदुकांचा गेम चालू असला की ते पोरांच्या डोक्यावरून वाकून बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, “मरेल मानूस कथा जास रे?” पोरगं म्हणालं, नाहीसा होतो नाना. “अन् त्यानी मयत कोन उचलस?” पोरगं पुन्हा गेमकडे वळलं. ज्या खेळात खांदा द्यायला चार जण लागत नाहीत तो खेळ फुकटचा, असं नानांचं मत पडलं. गाड्यांच्या शर्यतीबद्दल त्यांचं म्हणणं असं की रस्त्यात एक बकरी नाही, एक म्हातारी आडवी येत नाही, तर गाडी चालवण्यात हुशारी कसली. चोपड्याच्या रस्त्याने बाजाराच्या दिवशी चालवून दाखवा. त्यांच्या स्वतःच्या साध्या फोनवर सापाचा गेम होता. तो ते मन लावून खेळायचे आणि हरले की म्हणायचे, या सापाला पोटभर म्हणजे किती हे कुणी शिकवलंच नाही.

गाण्यांबद्दल तर विचारूच नका. कानात बोंडं घालून एकट्याने गाणं ऐकणं म्हणजे दार लावून पुरणपोळी खाणं. लग्नाच्या बँडमधल्या सनईवाल्याला मधे श्वास घ्यावा लागतो, आणि गाणं असतं ते त्या श्वासाच्या जागी. यंत्राचा ढोल दमत नाही, म्हणून तो ऐकणाऱ्याला दमवतो. कुणाचं तरी गाणं उचलून त्याच्याखाली ठोकाठोक करणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं. दुसऱ्याच्या बैलाला रंग मारून आपला म्हणून बाजारात नेल्यासारखं आहे, म्हणायचे. इम्रान हे ऐकत ऐकत त्याच ठोकाठोकीची गाणी गिऱ्हाइकांच्या कार्डात भरायचा. नाना त्यालाही चार शब्द सुनावायचे आणि मग दोघं मिळून एक कटिंग चहा प्यायचे.

पण त्यांचा खरा विषय इंटरनेट. ते त्यांनी मिलवरूनच समजून घेतलं होतं. कुठे तरी बॉयलर आहे, बहुतेक मुंबईला, तिथून पाइपांनी सगळीकडे जातं, आणि आपल्याकडे येईस्तो दाब कमी होतो म्हणून अमळनेरला नेट हळू चालतं. ज्या पत्राला पोस्टमन नाही त्या पत्राबद्दल भांडायचं कुणाशी? ज्याच्या घरचं पाणी आपण कधी प्यायलो नाही तो मित्र कसला? हे सगळं ते अगदी गंभीर चेहऱ्याने बोलायचे. आणि आम्ही, भाऊ, पोट धरायचो. खोटं कशाला बोलू, त्यांची निम्मी मतं चुकीची होती आणि ती निम्मीच आम्हाला हवी असायची. बरोबर मतांवर कोण हसतं? आम्ही हसतो म्हणजे आम्हाला पटतं, अशी नानांची समजूत होती. ती मोडायची गरज आम्हाला वाटली नाही, कारण त्या समजुतीवर आमच्या दुपारी चालल्या होत्या.

त्याच वर्षी नेट स्वस्त झालं. डिसेंबर होता. शेतांतून वांगी भाजल्याचा धूर यायचा, भरिताचे दिवस. मी नवा फोन घेतला होता आणि त्याच्यात काही तरी भरायला हवं होतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना मी नानांना आत बोलावलं, म्हणालो, तुमची मुलाखत घेतो. इम्रानच्या काउंटरवरचा काळा गॉगल त्यांच्या डोळ्यांवर चढवला, विकायला ठेवलेले मोठे हेडफोन टोपीवरून कानांना लावले. नाना तयार झाले. सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि विचारलं, किती वेळ बोलायचं? मी म्हणालो, मनाला येईल तेवढं. ते चाळीस मिनिटं बोलले. मिलबद्दल बोलले, वाफेबद्दल बोलले, त्यांची बायको गेली त्या पहाटे त्यांनी भोंगा दिला होता की नाही ते त्यांना अजून आठवत नाही, असंही बोलले. तिथे मी फोन दुसऱ्या हातात घेतला, कारण पहिला हात दुखायला लागला होता. मग मी विचारलं, नाना, नेट म्हणजे काय?

“तुले सांगू नेट म्हंजे काय शे?” नाना म्हणाले, आणि बोट वर केलं. “बठ्ठं शे. अन् काहीच नही शे.”

सगळं आहे, आणि काहीच नाही. चाळीस मिनिटांतून मी ही अकरा सेकंदं कापली. बाकीचं त्याच आठवड्यात पुसून टाकलं, कारण फोनमध्ये गेम बसत नव्हता. इम्रानने कापलेला तुकडा पाहिला, हसला, आणि मग म्हणाला, “मत डाल यार. बुजुर्ग आदमी है.” मी तो नेटवर टाकला.

पुढचं सगळं इतक्या वेगाने झालं की त्यात माझा हात होता असं म्हणायलाही लाज वाटते, पण हात होताच. धुळ्याच्या कुणा डीजेवाल्याने त्या अकरा सेकंदांखाली यंत्राचा ढोल बसवला. ‘बठ्ठं शे, बठ्ठं शे, अन् काहीच नही शे.’ फेब्रुवारीत ते पारोळ्याच्या एका हळदीत वाजलं, मार्चमध्ये शिंदखेड्याला, आणि उन्हाळा लागेस्तो खान्देशात त्याच्याशिवाय वरात हलेना. गॉगल आणि हेडफोनमुळे माणूस कोण ते बाहेरच्यांना कळत नव्हतं. आमच्या गल्लीला मात्र कळत होतं. नाना दळण घेऊन निघाले की पोरं मागून ओरडायची, नाना, पिशवीत काय शे? आणि दुसरी पोरं उत्तर द्यायची.

एके दिवशी नाना आमच्या घरी आले. कधी यायचे नाहीत. ओट्यावरच बसले, आईने दिलेलं पाणी प्यायले आणि मला म्हणाले की ते तू काढलं होतंस ते बाहेर कसं गेलं. मी म्हणालो, मोबाइल दुरुस्तीला दिला होता, तिथून कुणी तरी काढून घेतलं असणार. गावात दुरुस्तीचं दुकान एकच आम्हाला माहीत होतं. मी नाव घेतलं नाही. मला घ्यावं लागलं नाही. त्या दिवसापासून नानांनी बाक सोडला आणि इम्रानशी बोलणं सोडलं, आणि इम्रानने, मला चांगलं ओळखून असलेल्या त्या माणसाने, एका शब्दाने खुलासा केला नाही. फक्त मला चहा विचारायचं बंद केलं.

“कुठे तरी मेन व्हॉल्व्ह व्हईच ना भाऊ,” नाना त्या दिवशी म्हणाले. “तेवढा बंद कराले लाव.” त्यांच्या मुलीचं, वैशालीचं लग्न मे महिन्यात होतं. साखरपुडा दिवाळीनंतरच होऊन गेला होता, मुलगा दोंडाईच्याचा, बँकेत कामाला, घर चांगलं. तिकडच्या लोकांना अजून काही माहीत नव्हतं. साखरपुड्यात नाना नवा सदरा घालून दबून दबून शुद्ध बोलले होते. आता त्यांना एवढंच हवं होतं की लग्नापर्यंत हे थांबावं. पोरीला पहिल्याच दिवशी सासरी हसं होऊन जायला लागू नये.

मी त्यांना खरं सांगू शकलो असतो. मी टाकलेला तुकडा मी निदान काढू तरी शकलो असतो. तेवढ्याने वणवा विझला नसता, पण माझी काडी तरी त्यातून निघाली असती. ती मी काढली नाही. तो तुकडा रोज किती लोक बघतात हे मी सकाळी उठून आधी बघायचो, तोंड नंतर धुवायचो. नानांना मी म्हणालो, अर्ज करावा लागेल.

आणि नानांनी अर्ज केला. मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस, त्याचा अर्जावर विश्वास होता. ‘मा. व्यवस्थापक साहेब, इंटरनेट मुख्य कार्यालय, मुंबई’ असं वर लिहून, खाली कार्बन लावून, वळणदार अक्षरात. विषय: माझा आवाज बंद करणेबाबत. तो त्यांनी पाठवायला माझ्याकडे आणून दिला. मी वाचला आणि दाताखाली गाल धरून ठेवला. नाना म्हणाले, पोच हवी. पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही हे त्यांना मिलने शिकवलं होतं. माझ्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगचा एक जुना शिक्का पडला होता. तो मी कार्बनच्या प्रतीवर मारून दिला. शिक्क्यावर नटराज होता. नानांनी ती प्रत घडी घालून खिशात ठेवली आणि पुढे दर आठ दिवसांनी मला रस्त्यात गाठून विचारायचे, “अर्जनं काय व्हयनं?” मी सांगायचो, वर गेलाय. इम्रान सोडून बाकी सगळ्या मित्रांना मी तो अर्ज वाचून दाखवला. आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. एवढं हसू मला त्यानंतर कधी आलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. अर्जाचं उत्तर येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण दोष त्यांनी मुंबईला दिला. म्हणाले, “लगीनना दिन मी तोंडच उघाडत नही.” घसा बसलाय असं सांगायचं. गळ्याला रुमाल गुंडाळायचा. बोलायचं काम वैशालीचे मामा करतील. हे फक्त वैशालीला आणि तुला माहीत, ते म्हणाले. तू समजदार आहेस.

मेमधलं ऊन. मांडवाखाली पंख्यांच्या वाऱ्याला झळ होती. लग्नाची टाळी साडेबाराला लागायची होती आणि वरात मारुतीच्या देवळापासून हलायला तयार नव्हती. दीड तास आम्ही लांबून तो ढोल ऐकत होतो. वरात मांडवाच्या दाराशी आली तेव्हा नाना हार आणि नारळ घेऊन उभे होते, डोक्याला फेटा, गळ्याला पांढरा रुमाल, आणि दहा पावलांवर चाळीस जण त्यांच्याच आवाजावर नाचत होते. नवरदेवाचा एक मित्र नाचता नाचता नानांपाशी आला, त्यांचा हात धरून त्यांनाही आत ओढू लागला. सासऱ्याला नाचवायचं, चांगल्या मनाने. नानांनी मान हलवली आणि रुमालाकडे बोट दाखवलं. मी त्यांच्या मागेच उभा होतो. त्यांच्या हातातला नारळ ओला झाला होता, घामाने.

पण टाळी लागली. अक्षता पडल्या. वैशालीने मान वर करून बापाकडे पाहिलं आणि नानांनी डोळ्यांनीच सांगितलं की झालं, निभावलं. आता फक्त पंगत उरली होती.

आमच्याकडची पंगत ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. पानं मांडून होतात, वरण-बट्टी वाढून होते, वांग्याच्या भाजीचा तवंग पत्रावळीत पसरतो, पण मुलाकडचे हात लावत नाहीत. मुलीच्या बापाने स्वतः येऊन, हात जोडून, जेवा म्हणायचं असतं. तोवर पंगत बसून राहते. मी गल्लीतल्या पोरांबरोबर बट्ट्यांची टोपली घेऊन वाढत होतो. नाना आले, हात जोडले, वाकले. बोलले नाहीत. मामा म्हणाले, घसा बसलाय हो त्यांचा, जेवा. नवरदेवाचे मोठे काका, त्यांना सगळे आबा म्हणत, ओळीच्या सुरुवातीला बसले होते. सकाळपासून व्याही आपल्याशी एक अक्षर बोलला नाही हे त्यांनी मोजून ठेवलं होतं. ते पानावरून मागे सरकले. घसा बसलेला माणूस दोन शब्द तरी बोलतो, म्हणाले, हा तर आम्हाला त्या लायकीचं समजत नाही. त्यांच्यामागे ओळीतला दुसरा सरकला, तिसरा सरकला. साठ माणसं वाढलेल्या पानांपासून मागे सरकून बसली. मामांनी पाया पडून पाहिलं. कुणी तरी म्हणालं, असं असेल तर पोरीला घेऊन निघायचं की नाही ते ठरवावं लागेल.

स्टेजवरून वैशाली बघत होती. नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग आबांकडे. आबांनी शेवटचं म्हणून साधंच विचारलं, कुणीही कुठल्याही लग्नात विचारतो ते.

“व्याही, जेवननं बठ्ठं शे ना?”

“बठ्ठं शे,” नाना म्हणाले.

 मग ओळीच्या टोकाकडून कुणा पोराने पुढचं म्हटलं, “अन् काहीच नही शे,” आणि मांडव फुटला. हाच तो, अरे हाच तो! कुणाच्याही मनात वाकडं नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. त्यांना आनंद झाला होता. पोरं पानांवरून उठून नानांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायला लागली. आबा स्वतः उठले, त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. त्यांनी नानांना मिठी मारली आणि म्हणाले की व्याही, एवढा मोठा माणूस तुम्ही, आणि आमच्यापासून लपवलंत? आता शिक्षा म्हणून तरी. “एक डाव माइकवर व्हई जाऊ द्या.”

माइक स्टेजपाशी होता. नाना हलेनात. पंगत टाळ्या वाजवायला लागली. कुणी तरी माझ्याकडे पाहून म्हणालं, अरे दे ना आणून. मी बट्ट्यांची टोपली खाली ठेवली आणि माइक नेऊन दिला. वायर अडकली होती ती सोडवून दिली.

नानांनी गळ्याचा रुमाल काढला. का काढला माहीत नाही. मग ते बोलले, पूर्ण वाक्य, जसंच्या तसं, बोटसुद्धा वर केलं. डीजेवाल्याने बाहेरून ढोल दिला. साठ माणसं जेवली, पोटभर जेवली, दोनदा वाढून घेतलं. नाना हात जोडून ओळीतून फिरत होते आणि प्रत्येक पानाशी लोक त्यांना ते पुन्हा म्हणायला लावत होते, आणि ते म्हणत होते. मी बट्ट्या वाढत होतो. हसलो असेन बहुतेक. सगळेच हसत होते.

त्यानंतर मी पुण्याला गेलो. सुट्टीत आलो की नाना दिसायचे, ओट्यावर. एकदा मी विचारलं होतं, काही तरी विचारायचं म्हणून, की नाना, आता हे नवीन आलंय, यंत्रच गाणी लिहितं आणि यंत्रच गातं, तुमचं काय मत? त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जशी त्या नाचणाऱ्या पोरापुढे हलवली होती. आमच्या गल्लीत त्यांचा आवाज पुढे कुणी ऐकला असेल तर डीजेवरच ऐकला.

उन्हाने बाक सोसवेना तेव्हा मी उठलो.

दार उघडंच होतं. आत नानांचा फोटो, हार सुकलेला, समोर समई. वैशाली भिंतीला टेकून गहू निवडत होती. तेरावं उद्यावर होतं. ती दोंडाईच्याला शाळेत शिकवते. नवरा भला आहे, आई सांगते. मी बसलो. ती म्हणाली, कधी आलास. मी म्हणालो, आत्ताच. तिने गहू निवडणं थांबवलं नाही.

मग तिने विचारलं, “तुझ्याकडे ते पूर्ण असेल ना? ढोल नसलेलं. बाबा म्हणायचे, खूप वेळ बोललो होतो त्या दिवशी.”

“नाही.”

“आईबद्दलही बोलले होते म्हणे.”

“पुसलं गं. तेव्हाच.”

तिने मान हलवली. रडली नाही, चिडलीही नाही. म्हणाली की घरात त्यांच्या आवाजाचं दुसरं काहीच नाही. लग्नाच्या व्हिडिओतही नाही. शूटिंगवाल्याने सगळीकडे गाणी टाकली आहेत. मग म्हणाली, आहे ते एवढंच आहे, ढोलासकट. परीला झोपताना तेच लागतं. परी तिची मुलगी, सहा वर्षांची. आजोबांचा आवाज लाव म्हणते.

आतल्या खोलीतून तो आवाज आला. लहान आवाजात, मोबाइलवर.

वर मी एक गोष्ट गाळली. त्या अकरा सेकंदांत नाना एकटे नाहीत. त्यांनी बोट वर केलं आणि वाक्य संपवलं, तिथे फोन धरणारा माणूस हसला, फोनला तोंड लावून, मोकळा, छान. धुळ्याच्या डीजेवाल्याला ते हसू इतकं आवडलं की ढोल सुरू होतो तो त्याच्यावरच. दहा वर्षं खान्देश त्यावर नाचतोय.

“ते हसणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मी ओळखलं होतं, टाकणाराही तूच,” वैशाली म्हणाली. “बाबांना सांगितलं नाही. तुझ्या अर्जावर त्यांचा भरवसा होता.”

  तेवढ्यात परी फोन घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि पाहुण्याला दाखवावं तसं तिने ते पुन्हा लावलं. नाना बोलले. मग मी हसलो, फोनमधला मी.

“हे माझे आजोबा,” परी म्हणाली. “बघा ना कसे हसतात.”

वैशालीने गव्हातला खडा काढून बाजूला टाकला. वर न बघता, परीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती मला म्हणाली, “इथं हसू नको कधी. ती ओळखेल.”